गुण कोणाला येणार?

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो की एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकावा लागतो : "फादर, मला गुण येईल ना?" आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंनी तो अलीकडेच विचारला. वीस वर्षांचा मधुमेह. दोन घास घेतले की पोट तट्ट फुगावे आणि सकाळची भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी उलटून पडावी. दुर्बिणीने पाहता अडथळा कोठेच नाही. या विकारास 'गॅस्ट्रोपॅरेसिस' म्हणतात. जठराची गती मंदावते आणि अन्न पुढे सरकत नाही. शेजारणी मात्र म्हणत, "म्हातारीचे नखरे!"

डॉक्टरांनी 'जी-पोएम' ही क्रिया सुचविली आणि मुलाने आमचा सल्ला विचारला. आम्ही वैद्य नव्हे. परंतु सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'हे कशावरून?' असे विचारण्याची जी खोड जडली, ती येथे कामी आली.

जठराच्या शेवटी 'पायलोरस' नावाचे स्नायूंचे कडे असते. ते आवळलेले राहिले, तर आधीच दुबळ्या जठरास अन्न ढकलणे अधिक जड जाते. तोंडावाटे दुर्बीण घालून, आतील अस्तराखाली बोगदा करून हे कडे कापतात. पोटावर छेद नाही. जपानच्या डॉ. इनोऊए यांनी २००८ साली अन्ननलिकेसाठी आरंभिलेली ही युक्ती. जठरासाठी तिचा पहिला वृत्तांत २०१३ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला.

आता खरा मुद्दा. प्रागच्या डॉक्टरांनी ४१ रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाचे कडे कापले. दुसऱ्यास तशीच भूल दिली, पण कापले काहीच नाही. कोणत्या गटात आहोत, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी त्रास निम्म्याने वा अधिक कमी झाला असे पहिल्या गटात ७१ टक्के निघाले, तर दुसऱ्यात २२. या बावीस टक्क्यांस कोणी ढोंगी म्हणू नये. त्यांना बरे वाटले हे खरेच होते. पण त्याचे श्रेय सुरीला नव्हते. पुढे या गटातील १२ जणांवर खरी क्रिया झाली आणि नऊ जणांना गुण आला.

मधुमेहींत यशाचे प्रमाण ८९ टक्के, आधीच्या शस्त्रक्रियेमुळे विकार जडलेल्यांत ५०, आणि कारण न सापडलेल्यांत ६७. हे ऐकताच मुलाचा चेहरा उजळला. त्याला आवरणे आम्हांला भाग पडले. एवढ्याशा चाचणीतील मधुमेही ते किती? दोघा-तिघांचे पारडे फिरले की टक्केवारी कोठच्या कोठे जाते. शिवाय आई काही टक्केवारी नव्हे.

मग एका व्यक्तीपुरते आधी सांगता येते काय? फुग्यासारखे साधन कड्यात फुगवून ते किती ताठ आहे ते मोजतात. ताठ कडे कापल्यास लाभ अधिक, हा तर्क पटण्याजोगा आहे. परंतु सगळे अभ्यास त्याला सारखी साथ देत नाहीत. दुसरी कसोटी किरणोत्सारी खुणेच्या अन्नाची. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून अधिक अन्न जठरात उरले, तर गती मंद ठरते. चमत्कारिक गोष्ट अशी की, जठर किती रिकामे झाले आणि रुग्णास त्रास किती होतो, यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. तेव्हा विकाराची खात्री आधी करावी हे आमचे मत. अफूजन्य वेदनाशामके आणि मधुमेहाची वा वजन घटविण्याची काही नवी इंजेक्शनेही जठर मंदावतात; ती तपासल्यावाचून सुरीकडे धाव कशाला?

मुलाने हे सारे डॉक्टरांना विचारले. ते रागावले नाहीत. अन्नाची चाचणी अजून झालेली नाही, ती आधी करू, म्हणाले. बाई इतका वेळ गप्प होत्या. मग त्यांनीच विचारले, "शंभरात एकाहत्तर म्हणता, उरलेल्यांना मग खायला काय देता?" डॉक्टरांनी सांगितले : पातळ पेज, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा; साखर आटोक्यात; फारच अडले तर आतड्यात नळी. बाईंनी पेजेत मीठ चालेल का, तेही विचारून घेतले.