हात वर करून बघा!

मुलांनो, हे वाचता वाचता एक गंमत करा. अंगावर जो कपडा असेल तो तसाच ठेवून दोन्ही हात डोक्यावर सरळ नेऊन बघा. गेले? बगलेत काचलं नाही ना? मग तुमचा शिंपी हुशार आहे, आणि घरच्यांनी कापडही विचार करून घेतलंय! पण ज्यांचे हात मध्येच अडले, त्यांच्याशी मला आज मुद्दाम बोलायचं आहे. कारण असाच एक अडलेला हात मला कितीतरी दिवस दिसलाच नव्हता.

मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. खिडकीजवळ एक मुलगी बसायची. वहीतली गणितं बरोबर, अक्षर नेटकं. पण "उत्तर कोणाला येतं?" असं विचारलं की वर्गभर हात वर होत आणि हिचे दोन्ही हात मांडीवरच! मी नोंदवहीत लिहून टाकलं, 'वर्गात बोलत नाही. धीटपणा कमी.'

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनासाठी कवायतीची तयारी चालली होती. "हात वर!" म्हटलं की हिचे हात खांद्यापर्यंतच येत. मी सगळ्यांदेखत रागावले, "कंटाळा येतो का गं तुला?" ती काहीच बोलली नाही. मधल्या सुट्टीत मात्र हळूच जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, हात वर केला का बगलेत उसवते जी. मायनं दोनदा शिवलं."

पाहिलं, तर गणवेश मागच्या वर्षीचा. पोरगी उंच झाली होती, खांदे रुंदावले होते आणि मुंढा तेवढाच राहिला होता. कापड जाड, घट्ट विणीचं टेरिकॉट. बगलेत घामोळं उठून कातडी लाल झाली होती. मला माझीच लाज वाटली. जिला मी भित्री समजत होते, ती बिचारी आपला कपडा सांभाळत होती!

मुलांनो, या मुलीच्या वडिलांच्या शेतात काय पिकतं, माहीत आहे? कापूस! दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे पऱ्हाटी बोंडांनी पांढरीशुभ्र होते. इथला कापूस पार इंग्लंडला जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला फार मागणी आली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत चिमुकली आगगाडी सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठीच. तिला लोक 'शकुंतला' म्हणत. आता ती बंद आहे.

आणि गंमत पाहा. ज्या मँचेस्टरच्या परिसरातल्या गिरण्या आपल्या कापसावर चालत, तिथल्याच 'कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन' या संस्थेतल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनतज्ज्ञांनी १९४१ साली एक नवा धागा शोधला. त्याचं नाव टेरिलीन. तो खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनतो. टेरिलीन आणि कॉटन एकत्र केलं की झालं टेरिकॉट!

दोन्ही धाग्यांचा स्वभाव अगदी वेगळा. १०० ग्रॅम सुका कापूस हवेतली सुमारे ८ ग्रॅम ओल शोषून घेतो आणि तरी हाताला कोरडाच लागतो. टेरिलीन अर्धा ग्रॅमही घेत नाही. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून आपल्याला गार वाटतं. घट्ट विणीच्या टेरिकॉटमध्ये तो आतच कोंडतो आणि कपडा अंगाला चिकटतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही!

हे सगळं मी त्या मुलीच्या आईला सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कॉटन लवकर विटते, मॅडम. पावसाच्या दिवसात वाळत नाही. हा रात्री धुतला का सकाळी पोरगी घालून जाते. दुसरा कुठून आणू?"

त्यांचंही खरं होतं. कॉटन चांगलं आणि टेरिकॉट वाईट, असं सरसकट म्हणून भागत नाही. कपडा कोण घालणार, कोणत्या ऋतूत आणि किती दिवस, हे आधी ठरवायचं. रोज धुवायच्या गणवेशाला कापूस जास्त असलेलं, पातळ मिश्र कापड चालेल. उन्हाळ्यात घरी घालायला मात्र सुती पॉपलिन नाहीतर केंब्रिक घ्यावं.

दुकानात कापडाची चकाकी बघून भुलू नका. ते मानेला लावून बघा, टोचतं का? मुठीत दाबून सोडा. खूप चुरगळलं तर त्यात बहुधा सूत जास्त. उजेडासमोर धरा, म्हणजे वीण किती घट्ट आहे ते कळेल. घरी आणल्यावर सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा आणि मगच शिवायला टाका. नव्या कापडातली खळ निघते आणि जे आटायचं ते आधीच आटतं. नाहीतर पहिल्याच धुण्यात झगा आखूड!

शिंप्याकडे माप देताना श्वास रोखून ताठ उभे राहू नका. बगलेत दोन बोटं सैल ठेवायला सांगा आणि दुमडीत, शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवायला सांगा. तुम्ही वाढणार आहात ना! कपडा मिळाला की तिथेच घालून तीन गोष्टी करा: हात वर, मांडी घालून खाली बसणं आणि वाकून पायाचे अंगठे धरणं. कुठे काचलं तर लगेच सांगा. लाजू नका.

त्या मुलीच्या गणवेशाचं काय झालं? गावातल्या शिंपीकाकांनी घेराची दुमड उसवली, तीतून तळहाताएवढे दोन तुकडे काढले आणि दोन्ही बगलांत कळ्या बसवल्या. अर्ध्या तासाचं काम! नवं कापड वीतभरही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गणित घातलं आणि विचारलं, "उत्तर कोणाला येतं?" खिडकीजवळचा हात सरळ वर गेला. उत्तर चुकलं होतं, बरं का! पण तिनं ते उभं राहून, मोठ्यानं सांगितलं. दुसऱ्यांदा हात वर केला तेव्हा बरोबर आलं.

नोंदवहीतली ती ओळ मी त्याच संध्याकाळी खोडली. आता जूनच्या शेवटी शाळा उघडली, की पहिल्या दिवशी मी धडा शिकवत नाही. सगळ्या वर्गाला आधी सांगते, "हात वर करून बघा!"