रांगेतलं वचन

भावानं देवासचं घर रंगवायला काढलंय. परवा रात्री त्यानं फोटो पाठवला. स्वयंपाकघराच्या दारावरची वचनाची पाटी उतरवून फरशीवर ठेवली होती आणि सोबत एकच ओळ होती: 'ही परत लावायची ना?' पत्र्याची पाटी, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वरच्या कडेला खिळ्याचं भोक गंजून मोठं झालेलं, आणि डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांच्या फोडणीचा पिवळा, चिकट तवंग. आई गेल्यावर तिच्या साड्या वाटताना मी रडले नव्हते. त्या तवंगानं रडवलं.

पाटीवर पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातलं चौथ्या अध्यायातलं वचन आहे. बाहेरच्यांशी शहाणपणानं वागावं, बोलण्यात कृपा असावी आणि मीठही असावं, म्हणजे कुणाला कसं उत्तर द्यायचं ते उमगतं, अशा अर्थाचं. आई-बाबांनी ती नाशिकहून, शरणपूरहून आणली. बाबा तिथल्या छापखान्यातून देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये आले, तेव्हा सामानात भांडी, पवित्र शास्त्र, 'उपासना-संगीत' हे गीतांचं पुस्तक आणि ही पाटी होती. देवासमध्ये बाहेरचे आम्हीच होतो. माळवी बोलणाऱ्यांत मराठी, आणि मराठी बोलणाऱ्यांत ख्रिस्ती.

वचन म्हटलं की मला चर्च आठवत नाही, टँकर आठवतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या काळातला कुठला तरी उन्हाळा. गल्लीच्या तोंडाशी टँकर, रबरी पाइपाभोवती हंडे, कळशा, डालड्याचे डबे. माझ्या हातात छोटी बादली. एका बाईनं आईचा हंडा पायानं मागे सरकवला आणि म्हणाली, "तुम लोगों को तो मिशन से मिल जाता होगा." रांग गप्प झाली. आईनं हंडा उचलून परत जागेवर ठेवला. तिचं हिंदी तेव्हा अर्धं मराठीच होतं. ती म्हणाली, "मिशन से कुछ नहीं आता, बाई. आपका बच्चा छोटा है, आप पहले भर लो. मगर नंबर मेरा है."

आवाज चढला नाही, पडलाही नाही. त्या बाईंनी पाणी भरलं की नाही, ते मला आठवत नाही. आईचा हात हंड्याच्या काठावर होता आणि अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, ते आठवतं.

देवास हे गावच भावाभावांचं. अठराव्या शतकात तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या बंधूंनी एका गावात दोन राज्यं मांडली, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि ती १९४८पर्यंत शेजारी शेजारी नांदली. १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टरनं पुढं त्यावर पुस्तक लिहिलं. गावाच्या टेकडीवरच्या दोन्ही देवीही बहिणी. त्यांचं भांडण झालं, एक पाताळात उतरू लागली, दुसरी टेकडी सोडून निघाली, आणि मग त्यांची समजूत घालावी लागली, असं इथली माणसं सांगतात. जिथं देवीसुद्धा रुसतात, तिथं माणसांनी बोलायचं कसं, हा प्रश्न मला लहानपणी खराखुरा पडायचा.

आईचं बोलणं गोड नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या वचनाचा अर्थ गोड बोलणं असा लावणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे. मंडळीच्या एका सभेत आईनं विचारलं होतं की बायकांनी महिना महिना साठवलेले पैसे बायकांना न विचारता हॉलच्या खुर्च्यांवर कसे गेले. बाहेरून आलेल्या एका पाळकांनी उत्तर म्हणून नेमकं हेच वचन वाचून दाखवलं आणि बहिणींनी सौम्य बोलावं असं सांगितलं. हिशेब तसाच राहिला. आई घरी येऊन भाकरी थापायला बसली. आमच्याच दारावरचं वचन आमच्याच आईच्या तोंडावर दाबलं गेलं होतं. त्या पाळकांना मी अजून क्षमा केलेली नाही. क्षमेविषयीची वचनं मला ठाऊक आहेत.

पुढं ते पत्र मी नीट वाचलं, तेव्हा दिसलं की पौल हे सगळं कैदेतून लिहितो आहे. शेवटच्या ओळीत तो आपल्या बेड्यांची आठवण ठेवायला सांगतो. आणि बोलण्याचा हा सल्ला देण्याच्या जेमतेम दोन वचनं आधी तो स्वतःसाठी प्रार्थना मागतो ती सुटकेसाठी नाही, तर जे बोलायला हवं ते स्पष्ट बोलता यावं म्हणून. ज्याला बोलण्यापायी साखळ्या पडल्या, तो दुसऱ्यांना 'गप्प बसा' असं कसं सांगेल? पत्र घेऊन जाणाऱ्या दोघांतला एक, अनेसिम, गुलाम होता. पौल त्याला भाऊ म्हणतो. मिठाची गोष्ट अशा माणसांच्या हातून कलस्सैला पोचली. थोडे, दुबळे, चहूकडून बाहेरच्यांनी वेढलेले लोक. त्यांना लाघवीपणा शिकवायची गरज नव्हती, दुबळी माणसं तो आपसूक शिकतात. त्यांना शिकायचं होतं ते न घाबरता आणि न डसता बोलणं.

याकोबाच्या पत्रात मात्र मीठ उलट्या बाजूनं येतं. एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघू नयेत, खाऱ्या झऱ्यातून गोडं पाणी येत नाही, असं तो बजावतो. देवासच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात तर लागोपाठच्या दोन वचनांत दोन सल्ले: मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, आणि लगेच, दे. मला ही जोडी फार आवडते. कोणत्या वेळी कोणतं, हे शास्त्र सांगत नाही. ते रांगेत उभं राहून ठरवावं लागतं.

कसं बोलायचं हे एकदाचं ठरवून टाकलेली माझी आत्या धारला असायची, परिचारिका. सुट्टीत गेलो की ती ओ'हारा डॉक्टरीणबाईंच्या गोष्टी स्वतः पाहिल्यासारख्या सांगायची. मार्गारेट ओ'हारा १८९१मध्ये कॅनडात डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी मध्य भारतात आल्या आणि पुढं धारला बायकांसाठी त्यांनी दवाखाना चालवला. त्याच धारेत अकराव्या शतकात राजा भोजानं 'सरस्वतीकंठाभरण' लिहिलं आणि त्यात पदाचे, वाक्याचे आणि वाक्यार्थाचे प्रत्येकी सोळा दोष मोजले. आत्याला भोजाचं हे माहीत नव्हतं. तिचा नियम एकच: वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही. ती खाटेशेजारी स्टूल ओढायची, बसायची आणि मग सांगायची. 'काही नाही, बरं वाटेल' हे वाक्य तिनं कधी वापरलं नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आमच्या घरी शास्त्राच्या खालोखाल वाचलं जाई. १८९५मध्ये त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं जग एका दिवसात फुटलं. तरी पुस्तकात कुठं विखार नाही आणि कुठं लपवाछपवीही नाही. नवऱ्याचा विक्षिप्तपणा त्या पुरेपूर सांगतात आणि त्याच ओळीत त्याच्यावरची मायाही दिसते. मराठीत मीठ कसं घालायचं हे पाळकांनी तिथं शिकावं.

आणि कुमार गंधर्व. १९४८मध्ये क्षय घेऊन ते देवासला आले आणि काही वर्षं त्यांना गाण्याची मनाई होती. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली. ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमं असावं, हा याकोबाचाच सल्ला. आईला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण ती माळवी शिकली ती अशीच, टँकरच्या रांगेत बायकांचं ऐकत.

त्यामुळंच हंडा सरकवणाऱ्या बाई पुढं एका संध्याकाळी कोरा कागद घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. "बाईजी, अर्जी लिख दो." टँकरवाला अर्धं पाणी वाटेतच विकून येत होता आणि कॉलनीच्या कमिटीला ते लेखी हवं होतं. आईनं लिहिलं: कोणत्या वारी टँकर आला, किती हंडे रिकामे परतले, पाणी कुठं उतरवलं जातं. टँकरवाल्याचं नाव तेवढं लिहिलं नाही. त्याची पोरं लहान आहेत, म्हणाली, आधी त्याला बोलावून विचारा. बाई भडकल्या. नाव नसेल तर कमिटी हलणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. अंधार पडेपर्यंत दोघी भांडल्या, एक माळवीत, एक मराठीमिश्रित हिंदीत, मध्ये चहा झाला, पुन्हा भांडल्या. अर्ज नावाशिवायच गेला. मी आईची मुलगी, पण या बाबतीत मला त्या बाईंचंच पटतं. नाव लिहायला हवं होतं.