मामल्लपुरम : मुलांसह दोन दिवस

मामल्लपुरम, जुन्या सवयीने महाबलिपुरम, हे चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे 55 किलोमीटरवरचे समुद्रकाठचे गाव. सातव्या शतकातल्या पहिल्या नरसिंहवर्मन या पल्लव राजाचे बिरुद 'मामल्ल', म्हणजे महामल्ल. गावाचे नाव त्यावरूनच पडले. याच राजाने बदामी जिंकून 'वातापिकोंड' ही पदवी घेतली. युनेस्कोने येथील वास्तूंना 1984 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. अवशेष मोठ्यांसाठी आणि समुद्र मुलांसाठी ही सहलीतली नेहमीची वाटणी या गावात उलटी होते. येथला समुद्र मुलांना लांबूनच दाखवावा लागतो, आणि दगडांपाशी मात्र ती तासन्‌तास रमतात.

पहिली अडचण सुट्ट्यांची. महाराष्ट्रातल्या शाळांना दोन मोठ्या सुट्ट्या, आणि या किनाऱ्यासाठी दोन्ही चुकीच्या. दिवाळीत येथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच या भागाचा खरा पावसाळा, आणि वादळेही याच काळात येतात. मे महिन्यात ग्रॅनाइट इतका तापतो की सकाळी दहानंतर अनवाणी पाय टेकवत नाही. राहता राहिली पाऊस ओसरतानाची नाताळची सुट्टी किंवा शाळा बुडवून जानेवारी-फेब्रुवारी. जानेवारीत गेल्यास पोंगलचे चार दिवस टाळावेत. त्यातल्या काणुम पोंगलला आसपासची सगळी कुटुंबे डबे घेऊन समुद्रावर लोटतात, आणि त्या गर्दीत लहान मूल सांभाळणे कठीण.

प्रस्तुत लेखकाबरोबर पाच आणि आठ वर्षांची दोन मुले होती. मुंबई ते चेन्नई हा रेल्वेप्रवास जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र खातो. चेन्नईहून पुढे ईस्ट कोस्ट रोड, स्थानिक भाषेत 'ईसीआर', हा समुद्राला समांतर जाणारा रस्ता दीड-दोन तासांत गावात पोचवतो. गावात शिरताच कानावर येते ती छिन्नीची टकटक. येथे 1957 पासून सरकारी शिल्पशाळा आहे आणि रस्त्याच्या दुतर्फा पाथरवटांची दुकाने. मुठीत मावणारा दगडी हत्ती परतीच्या दिवशी घ्यायचा, हा तह मुलांशी आधीच करून ठेवावा. नाहीतर पहिल्याच दुकानात प्रवास थांबतो.

सुरुवात पंचरथांपासून करणे सोयीचे. गावाच्या दक्षिण टोकाला वाळूत उभी असलेली ही पाच देवळे बांधलेली नाहीत, खडकातून कोरून काढलेली आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मुलाला ही युक्ती चटकन कळते. पल्लवांचे हे काम त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीचे, आणि बेसाल्टपेक्षा कठीण अशा ग्रॅनाइटमधले. धर्मराज, भीम, अर्जुन, द्रौपदी आणि नकुल-सहदेव ही नावे लोकांनी मागाहून ठेवली. पांडवांशी या देवळांचा संबंध नाही, आणि चाके नसल्यामुळे 'रथ' हा शब्दही मुलांना पटत नाही. द्रौपदीचा रथ म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपडीची हुबेहूब दगडी नक्कल. नकुल-सहदेव रथाची मागची बाजू गोलाकार आहे. वास्तुशास्त्रात या घाटाला 'गजपृष्ठ' म्हणतात, आणि शिल्पींनी शेजारीच एक अखंड दगडी हत्ती पाठमोरा उभा करून ठेवला आहे. हत्तीची पाठ आणि देवळाची पाठ एकामागून एक बघितली की पाच वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. पाचही रथ कमीअधिक अपुरे आहेत. काम अर्धवट सोडून माणसे का गेली, हा मोठ्या मुलाचा प्रश्न अभ्यासकांचाही आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठणे भाग आहे. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या मुलाने सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेला असतो, समुद्रातून वर येताना नाही. डिसेंबरअखेरीस येथे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. किनाऱ्यावरचे मंदिर सहाला उघडते, म्हणून सूर्य, देऊळ आणि गारवा ही तिन्ही एकाच फेरीत साधतात. धाकट्याने सूर्य चुकीच्या बाजूने आल्याची तक्रार केली. भारताचा नकाशा वाळूत काढून ती मिटवता आली.

हे मंदिर आठव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या नरसिंहवर्मनने, म्हणजे राजसिंहाने, बांधले. रथांप्रमाणे हे कोरलेले नाही. तासलेले चिरे रचून उभारलेले आहे. दोन शिखरांखाली शिव आणि त्यांच्यामध्ये शेषशायी विष्णू अशी रचना आहे. तेराशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने नाकडोळे झिजून गेले आहेत, तेव्हा मूर्तिशास्त्र मुलांना सांगू नये. त्यांच्यासाठी आवाराच्या भिंतीवर ओळीने बसलेले नंदी आहेत, मोजायला. छातीत चौकोनी कोनाडा असलेला सिंह आहे, त्या कोनाड्यात देवी. शिवाय 1990 मध्ये वाळूखालून निघालेल्या कुंडात मुलांच्या कमरेइतका एक वराह उभा आहे. लाटांचा मारा अडवण्यासाठी पुढे मोठे दगड टाकले आहेत आणि वाऱ्यासाठी सुरूची झाडे लावली आहेत. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत मंदिर टिकले. उत्तरेला पाच किलोमीटरवरच्या शाळुवनकुप्पमला त्याच लाटांनी वाळू हटवली आणि त्यानंतरच्या उत्खननात विटांचे एक प्राचीन मुरुगन मंदिर सापडले.

गावाच्या मध्यभागी, बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, 'अर्जुनाची तपश्चर्या' हा शिल्पपट आहे. कोणी याला गंगावतरण म्हणतात, आणि अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. दोन प्रचंड शिळा आणि त्यांमधली नैसर्गिक भेग. भेगेत नाग-नागिणी, म्हणजे ती नदी. दोन्ही बाजूंनी देव, ऋषी, शिकारी आणि प्राणी मिळून शंभरावर आकृती तिच्याकडे निघाल्या आहेत. मोठ्यांची नजर वर, एका पायावर हात उंचावून उभ्या असलेल्या तपस्व्याकडे जाते. मुलांची नजर खालीच राहते, आणि शिल्पींनी सगळी गंमत खालीच ठेवली आहे. जवळजवळ खऱ्या मापाचे हत्ती, त्यांच्या पोटाखाली लपलेली पिल्ले, मागच्या खुराने नाक खाजवणारे हरीण. मोठ्या हत्तीच्या सुळ्यांजवळ एक बोका तपस्व्याची नक्कल करीत पुढचे पाय वर करून उभा आहे, आणि भोवती निश्चिंत उंदीर. गंगेकाठी तपाचे सोंग घेऊन उंदीर फस्त करणाऱ्या बोक्याची गोष्ट महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. ती येथे उभ्याउभ्या सांगावी. या एका पटापुढे मुलांनी पाऊण तास काढला, संग्रहालयात त्यांनी दहा मिनिटेही दिली नसती.

शेजारच्या कृष्णमंडपात गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, परंतु पाहायचे ते धार काढणारा गवळी आणि वासराला चाटणारी गाय. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेतलेली गवळणही तेथेच आहे. मागच्या टेकडीवर 'कृष्णाचा लोण्याचा गोळा', तमिळमध्ये वेण्णै उरुण्डै, हा अवाढव्य धोंडा उतारावर केवळ एका टेकूवर तोललेला आहे. त्याच्या शेजारचा गुळगुळीत कातळ ही पिढ्यान्‌पिढ्यांची घसरगुंडी. चड्ड्यांचा एक जास्तीचा जोड बरोबर असावा. आसपासच्या खडकांवर ओळीने खाचा दिसतात. त्यांत लाकडी पाचरी ठोकून वर पाणी ओतत. लाकूड फुगले की खडक रेषेवर फुटे. खाच बोटभर खोल असते, आणि मुले तिच्यात बोट घालून पाहिल्याखेरीज हलत नाहीत.

आता समुद्र. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, चेन्नईजवळ तो मीटरभराच्या आसपास. त्यामुळे गुहागर किंवा मुरुडसारखी ओल्या घट्ट वाळूची मैदानी पट्टी येथे उघडी पडत नाही. किनारा एकदम उतरता, लाट अगदी जवळ येऊन फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. मोठ्या माणसाचाही तोल जातो, म्हणून मुलांना घोट्यापलीकडे जाऊ देऊ नये, आणि हात धरलेला असावा. किल्ला करायचा तर कोरड्या वाळूत, बादलीने पाणी आणून. तिसऱ्या प्रहरी मासेमारीच्या होड्या वाळूवर ओढलेल्या असतात आणि कोळी जाळी विणत बसतात. मुलांना ते बघण्यात लाटांचा विसर पडतो. खायला सुंडल मिळते, म्हणजे खोबरे आणि कैरी घातलेली कडधान्याची उसळ. तिखट न चालणाऱ्याला दहीभात, येथला तयिर सादम, प्रत्येक खानावळीत असतो.

परतीच्या वाटेवर, ईसीआरलाच, रोम्युलस व्हिटेकर यांनी 1976 मध्ये स्थापन केलेले मगर-संवर्धन केंद्र लागते. देशी मगर आणि लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर यांतला फरक तेथे शेजारी-शेजारी दिसतो. नर सुसरीच्या नाकावर मडक्यासारखा फुगीर गोळा असतो. त्याच आवारात इरुळा या आदिवासी जमातीची सहकारी संस्था सापांचे विष काढून दाखवते. ते विष सर्पदंशावरचे प्रतिविष बनवण्यासाठी जाते. हे केंद्र सोमवारी बंद असते, तेव्हा शनिवार-रविवार मुक्काम करून सोमवारी परतणाऱ्यांनी मगरी जातानाच पाहून घ्याव्यात.