पुढच्या हाताच्या हवाली

उदगीरच्या खादी केंद्रात मागावर कापड विणलं जात असतं, तेव्हा त्यावर ना रंग असतो, ना चक्र. धोटा या काठावरून त्या काठाला जातो, परत येतो. विणणारीची नजर समोरच्या वीतभर पट्ट्यावर खिळलेली असते. मध्येच एक उभा धागा तुटतो. तो तसाच सोडून माग चालवला तरी कापड पुढे सरकतंच. घडी पडली की दोष आत गडप. पण ती थांबते. तुटलेलं टोक शोधते, गाठ मारते, चिमटीत दाबून ती सपाट करते आणि मगच धोटा पुन्हा फेकते. रंगून झाल्यावर या कापडाला नांदेडला यायचं असतं. तिथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचा तिरंगा होतो आणि देशातल्या कितीतरी राज्यांत जातो.

कामाच्या ठिकाणची जबाबदारी म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न मनात आला की मला लातूर जिल्ह्यातून नांदेडला येणारं हे कापड आठवतं. राष्ट्रध्वजाचं माप ठरलेलं आहे. लांबी आणि रुंदीचं प्रमाण तीनास दोन. आकार नऊ: सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. चक्र गडद निळं, आरे २४ आणि चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. इतक्या काटेकोर मापाला शेवटी तपासणी असतेच. पण तपासणारा चूक दाखवू शकतो, कापड बाद करू शकतो. मागावर तुटलेला धागा त्याला सांधता येत नाही. तो सांधायची वेळ एकदाच येते आणि त्या वेळी शेजारी कुणी साहेब उभा नसतो. खादी भांडाराच्या काउंटरवरून ध्वज घेणाऱ्याला विणणारीचं नाव कधीच कळत नाही. तरीही तिनं काय केलं आणि काय टाळलं, ते त्या कापडात कायमचं राहतं.

आमच्या मराठवाड्यात तिरंगा सहजासहजी आलेला नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा इथे निजामाचा अंमल होता. तिरंगा फडकवणं हा गुन्हा होता आणि मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. आमचं स्वातंत्र्य उजाडलं १७ सप्टेंबर १९४८ ला. त्या मधल्या धगधगत्या काळात, ३० जानेवारी १९४८ ला, स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली. रक्कम लाखांत होती. माणसं भूमिगत, मागावर निजामाचे पोलीस, जमाखर्च तपासायला कुणी लेखापरीक्षक येण्याची शक्यताच नव्हती. तरी त्या पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवला गेला. आमच्याकडची जुनी माणसं ही गोष्ट सांगताना धाडसाइतकाच अभिमान त्या हिशेबाचा बाळगत आली. मला तर हिशेबाचंच अप्रूप जास्त वाटतं. धाडस एका दुपारचं असतं. हिशेब रोज ठेवावा लागतो.

याच नांदेडनं ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरं टोक पाहिलं. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. दोन दिवसांत आकडा ३१ वर गेला. मग कारणं पुढे आली. औषधं नव्हती, असं एकानं सांगितलं. औषधं भरपूर होती, असं दुसऱ्यानं. डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या जागा रिकाम्या, खाटांहून कितीतरी जास्त रुग्ण, बाहेरून अगदी शेवटच्या घटकेला पाठवलेली बाळं. पाहणीला आलेल्या खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं. ते दृश्य देशभर फिरलं. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला, अधिष्ठात्यांवरही झाला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

त्या झाडूनं काय साधलं? एका माणसाचा अपमान झाला आणि पाहणाऱ्यांना क्षणभर न्याय झाल्यासारखं वाटलं. औषधाची मागणी कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती, रिकामी जागा भरण्याचा प्रस्ताव कुणी परत पाठवला, यातलं काहीच त्या झाडूनं उजेडात आलं नाही. ज्यांचं नाव त्या इमारतीवर आहे, ते शंकरराव चव्हाण महाराष्ट्राच्या राजकारणात ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले गेले. मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदाही मिळतील, हे बंद. प्रत्येक खर्चाची गरज दरवर्षी शून्यापासून पटवून द्यायची. त्या शिस्तीचं सार एवढंच, की उत्तर आधी तयार ठेवा. आपण मात्र माणसं गेल्यावर चौकशी समिती नेमतो आणि ‘जबाबदारी निश्चित करू’ म्हणतो.

जबाबदारी अशी मागाहून निश्चित होत नसते. सरकारी दवाखान्यात पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला वॉर्ड कसा सोपवते, ते पाहावं. रात्रभर उभी राहून पाय भरून आलेले असतात, गाव दूर असतं, गाडी सुटायची असते. तरी ती एकेका खाटेपाशी थांबते. सलाईन किती उरलं, इंजेक्शन किती वाजता दिलं, कोणत्या बाळानं दूध ओढलं नाही, कोणत्या आजोबांचा ताप उतरला नाही, हे सांगते आणि रजिस्टरवर सही करते. तिच्या हाताखाली किती माणसं आहेत, यावर हे अवलंबून नसतं. पुढच्या सिस्टरच्या हाती आपण काय देतोय, याचं भान तिला असतं.

पण तिच्या कपाटात औषधच नसेल तर? वर कळवणं, लेखी कळवणं, पुन्हा पुन्हा कळवणं हे तिचं काम आहे. ते पत्र वाचून हालचाल करणं हे वरच्यांचं काम. साधन न देता जबाब मागणं हा अन्याय आहे आणि साधन नाही म्हणून गप्प बसणं हीसुद्धा कुचराईच आहे. पगार ज्याचा मोठा, त्यानं दिलेलं उत्तरही मोठं हवं. आपल्याकडे मात्र जबाबदारीची घसरण उलट्या दिशेनं होते: साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून शिपायाकडे, शेवटी कंत्राटी सफाई कामगाराकडे. तिथून खाली जायला कुणी उरत नाही, म्हणून कारवाई तिथे थांबते.

नांदेड असो की लातूर, एसटीच्या आगारात ब्रेक तपासणारा मेकॅनिक, सातबाऱ्याची नोंद करणारा, बाजार समितीत सोयाबीनचं माप घालणारा, वर्गावर जाणारा शिक्षक, सगळ्यांचं काम शेवटी एका अनोळखी माणसाच्या हाती पडतं. तो माणूस कधी टेबलासमोर येत नाही, म्हणून विसरायला होतं. नोंद चुकली की कुणाचं पीककर्ज अडतं. ब्रेक राहून गेला की पन्नास घरांची झोप उडते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. तुमचं काम ज्याच्यापर्यंत पोहोचतं, त्या माणसाला महिन्यातून एकदा तरी जाऊन भेटा. साहेब असाल तर वॉर्डात, आगारात, शेताच्या बांधावर जा. कारकून असाल तर रांगेतल्या शेवटच्या माणसाशी दोन शब्द बोला. त्याला काय मिळालं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुसऱ्या दिवशी काय दुरुस्त करायचं, हे सांगायला मग कुठल्याही समितीची गरज पडणार नाही.