स्पोर्ट्‌स कारची थोरली बहीण

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की तिच्यावर पैसे का घालवले याचे उत्तर घरच्या मंडळींना देता येत नाही. कुणाकडे बंद पडलेला ग्रामोफोन असतो, कुणाकडे न वाजणारी पेटी असते. आमच्याकडे मोटार आहे.

मोटार म्हटल्यावर तुम्ही उगीच आदराने बघू नका. आमची मोटार म्हणजे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली. मूळ विलायतेतली ट्रायम्फ हेरल्ड, जन्म १९५९, आणि तिचे रूप रेखले मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने. आमचे अण्णा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी १९८३ साली एका डॉक्टरांकडून ही गाडी हप्त्याने घेतली ती निव्वळ या रेषांवर भाळून. "मागच्या पंखाची ती रेघ बघ. एका दमात ओढलीय, रबर लावलेलं नाही," असे ते अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. येणारा-जाणारा बहुधा दूधवाला असतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत काउंटरवर बसतो. घसाऱ्याच्या दोन पद्धती आम्हाला शिकवल्या होत्या. एका पद्धतीत वस्तूची किंमत ठराविक वर्षांनी संपते. दुसरीत उरलेल्या किमतीवर घसारा काढायचा; किंमत दर वर्षी घटते, पण शून्य म्हणून कधी होत नाही. हेरल्ड या दुसऱ्या पद्धतीने आमच्या घरी नांदते आहे.

इतकी वर्षे मी तिला 'अण्णांची गाडी' म्हणत होतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वाचनात एक गोष्ट आली आणि माझे डोके फिरले. ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार काढली. महायुद्धातल्या विमानाचे नाव. पण सांगाडा कुणाचा? हेरल्डचा! तोच सांगाडा मधे साडेआठ इंचांनी आखूड केलेला. पुढची स्प्रिंगांची मांडणी तीच, मागचा आडवा पाटा तोच. म्हणजे आमची गाडी ही नात्याने स्पोर्ट्‌स कारची थोरली बहीण झाली. धाकटीला रूप मिळाले, थोरलीला संसार मिळाला, एवढाच फरक.

हे मी जेवताना जाहीर केले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मग हिला स्पोर्टी करा ना." सौ. म्हणाली, "अहो, आधी मोरीचा नळ करा." मी बहुमताचा विचार न करता विलायतेहून सामान मागवले. पुढच्या दोन आखूड, कडक स्प्रिंगा, चार शॉकअप, आणि जुन्या रबरी बुशांऐवजी पॉलियुरेथेनचे बुश. सामानापेक्षा टपालखर्च आणि जकात यांचाच बोजा अधिक झाला. पावती मी पासबुकात दडवली. बँकेतल्या माणसाचे पासबुक घरात कुणी उघडत नाही, ही माझी समजूत होती. ती चुकीची निघाली.

घरी दुरुस्ती करण्याला हेरल्डसारखी गाडी नाही, हे मात्र खरे. दोन खटके सोडले की सबंध बॉनेट, दिवे आणि दोन्ही मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटे उघडते. दंतवैद्यासमोर आ वासल्यासारखे. मग चाकावर बसून खुशाल काम करावे. अडचण एवढीच, की जे तुम्हाला दिसते ते सावेडीतल्या सबंध कॉलनीलाही दिसते. एकाने विचारले, "विकताय का?" दुसऱ्याने विचारले, "विकत घेतं का कुणी?" आमचे गॅरेजवाले चाचा मदतीला होते. नवे बुश हातात घेऊन त्यांनी दाबून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ये तो पत्थर है."

चाचांचे म्हणणे मला माळीवाड्यापर्यंत जाईतोवर पटले. गाडी दीड इंचाने खाली आली होती. दिसायला झकास! पण नगरचे गतिरोधक तिच्या खाली आले नव्हते. पहिल्याच गतिरोधकावर सांगाडा 'खर्र' असा घासला, की मागच्या रिक्षावाल्याने माझी माफी मागितली. कडक स्प्रिंगांमुळे खड्ड्यांची खोली अगदी मणक्याला कळू लागली. आमच्या नगरला लष्करी वाहनांची चाचणी घेणारी संरक्षण खात्याची मोठी संस्था आहे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. गाडीच्या अंगाला काय सोसावे लागते, हे या गावाला कुणी सांगायला नको. सौ.ने गाडीतून उतरल्यावर शांतपणे सांगितले, "त्या गाडीला चार बुश बसवलेत ना? मग माझ्या मिक्सरला एक बसवा. आणि मी रिक्षाने येते."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला असे. दर महिन्याच्या एक तारखेला ते वर्तमानपत्रातून मान वर करत, "तेल घातलंस का रे?"

हे तेल म्हणजे काय, ते सांगतो. हेरल्डचे पुढचे चाक ज्या उभ्या खांबाला धरलेले असते, त्याचे खालचे टोक आट्यांचे असते आणि ते पितळी घरात फिरते. या घराला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की खांब स्क्रूसारखा त्यात फिरतो, आणि गाडीचा पुढचा भार त्याच्या अंगावर. त्यात नव्वद नंबरचे गिअर ऑइल घालायचे, ग्रीस घालायचे नाही, असे गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. ग्रीस घट्ट होऊन बसते, आट्यांपर्यंत पोचत नाही, खांब कोरडा पडतो, गंजतो आणि एक दिवस तुटतो. मग चाक मडगार्डाखाली आडवे होते.

हे सगळे मला ठाऊक होते. पण तेल गळते. नव्या फरशीवर दर महिन्याला दोन काळे रुपये उमटत, आणि त्यावर घरात जे बोलणे होई ते इथे छापण्याजोगे नाही. ग्रीस गळत नाही. शिवाय ग्रीस तेलापेक्षा दाट. दाट ते चांगले, असा हिशेब मी बासुंदीवरून केला. सुधारणेच्या धांदलीत मी गुपचूप ग्रीस गन लावली आणि पुढची दोन वर्षे अण्णांना सांगत राहिलो, "घातलं, अण्णा."

मधे आणखी एक विषय निघाला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवून 'व्हीए' अक्षरांची पाटी देण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. आणि अशी गाडी रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. मी अण्णांना नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "मला दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलीत, तोंडात कवळी आहे, उजवा गुडघा धातूचा आहे. मूळ स्वरूपात फक्त स्वभाव राहिलाय. मग मलाही रस्त्यावर बंदी का? राहू दे ती पाटी." राहिली.

गेल्या वर्षी अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन आले. आम्ही गुरुजी ठरवले, आचारी ठरवला. अण्णा म्हणाले, "हजार चंद्र बघून झाले. मला एकदा गाडीतून चांदबिबीच्या महालावर ने."

नगरबाहेर पाथर्डीच्या दिशेला डोंगरावर ही तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. खरे म्हणजे ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर. चांदबिबीचे त्यात नावापुरतेच काय ते. आमच्या हेरल्डचे स्पोर्ट्‌स कारशी आहे तसे. १९८३ साली गाडी घरी आली त्या संध्याकाळी अण्णांनी आईला तिथे नेले होते. आई जाऊन आता सहा वर्षे झाली. अण्णांनी ते काही बोलून दाखवले नाही. मीही नाही.

आदल्या दिवशी ते काठी टेकत अंगणात आले, गाडीत बसले आणि जागच्या जागी स्टिअरिंग वळवले. हेरल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. तिचे स्टिअरिंग कसे लोण्यासारखे हवे. अण्णांनी एकदा वळवले, दुसऱ्यांदा वळवले.

"जड झालंय."

"नवे बुश आहेत ना, अण्णा."

"बुशाचा इथे काय संबंध? तेल घातलंस म्हणालास ना?"

बँकेत रोकड कमी भरली की पोटात जो खड्डा पडतो, तो मला ओळखीचा आहे. मी म्हणालो, "ग्रीस घातलं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

अण्णा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी खुर्ची मागितली आणि चाचांना बोलवायला सांगितले. जॅक लावला, डावे चाक काढले, ट्रनियन सोडवला. ग्रीस वरच्या वर वाळून खडूसारखे झाले होते. आत खांबाच्या आट्या लाल गंजलेल्या, आणि तळाशी केसाएवढी चीर. चाचांनी ती फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. पुसली गेली नाही. चाचा नेहमी गाडीबद्दल चेष्टेने बोलतात. त्या दिवशी एवढेच म्हणाले, "साहेब, कल घाट में अब्बा भी साथ में थे ना?"

मी पायरीवर बसलो. सौ.ने काही न विचारता पाणी आणून दिले.

मग अण्णांनी घरातून एक ड्रॉइंगची वही मागवली. पहिल्या पानावर आमच्या गाडीचे पेन्सिलचित्र, आणि पुढे नुसत्या तारखा. १९८३ पासून दर महिन्याची एक तारीख, पुढे 'तेल', आणि सही. शेवटच्या दोन वर्षांच्या तारखांपुढे बारीक थरथरत्या अक्षरात लिहिले होते, 'चि.ने घातले.' चोवीस नोंदी. आम्ही बँकेत दिवसभर 'तपासले, बरोबर आहे' म्हणून सह्या ठोकतो. पण माझ्या नुसत्या शब्दावर इतकी वर्षे आजवर कुणी नोंद केली नव्हती.

"लाल शाईचं पेन आण," अण्णा म्हणाले. "चुकीची नोंद खोडायची कशी, ते तुमच्या बँकेत शिकवतात ना?"

एक आडवी रेघ, वर बरोबर मजकूर, शेजारी सही. चोवीस वेळा 'ग्रीस' लिहून मी चोवीस सह्या केल्या.

सहस्रचंद्रदर्शन घरीच, पाटावर बसून झाले. नवे खांब आणि ट्रनियन विलायतेहून यायला दीड महिना लागला. या वेळी पावती मी स्वतःच सौ.च्या हातात दिली. ती वाचून ती म्हणाली, "हे मागवायला हवंच होतं." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या एखाद्या खर्चाला मिळालेली ही पहिली मंजुरी. आखूड स्प्रिंगा काढून मूळच्या बसवल्या. शॉकअप राहू दिले, अण्णा म्हणाले, "एवढी हौस तिलाही असू दे."

आणि एका रविवारी आम्ही महालावर गेलो. अण्णा माझ्या डाव्या बाजूला, मागे सौ. आणि चिरंजीव, मांडीवर मसालेभाताचा डबा. वर भन्नाट वारा होता. अण्णा एका दगडावर बराच वेळ नुसते बसून राहिले. आम्ही त्यांच्याजवळ गेलो नाही.

उतरताना खरी परीक्षा. हेरल्डच्या मागच्या चाकांचे अर्धे आस आतल्या टोकालाच हलतात. वळणात वेग जास्त असला आणि चालवणाऱ्याने घाबरून एकदम पाय काढला, तर मागचा भाग उचलतो, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडते आणि गाडी शेपूट फिरवते. स्पिटफायरलाही हीच खोड होती. १९७० साली कंपनीने पाट्याची मांडणी बदलून झुलता पाटा बसवला, तेव्हा ती आवरली. आमच्या थोरलीला हा उपचार कोण करणार? एक वळण अंदाजापेक्षा आवळ निघाले. माझा पाय आपोआप वर येऊ लागला.

"पाय काढू नकोस!" अण्णा ओरडले. "वेग वळणाआधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर निभवायचं."

मी निभावले. गाडी एखाद्या जुन्या मोलकरणीसारखी कुरकुरत, पण सरळ बाहेर आली. मागून सौ. म्हणाली, "अण्णा, हेच यांना लग्नाआधी सांगायला हवं होतं."

हल्ली दर एक तारखेला मी तेल घालतो, वहीत लिहितो आणि सही करतो. अण्णा वही मागून घेतात, फरशीवरचे दोन काळे डाग काठीने मोजतात आणि मगच आपली सही करतात.