आत काय सुटलंय?

बेल्लमपल्ली,
जि. मंचिर्याल (आपला जुना आदिलाबाद)

चि. बाळास,

पार्सल परवा पोचलं. गोल्फचा जुना ड्रायव्हर घेतलास यात काही वावगं नाही. विकणाऱ्याने खुळखुळ लपवली, हे मात्र त्याने बरं केलं नाही. शाफ्ट स्क्रूने सोडवून नुसतं हेड पाठवलंस, तेही योग्य झालं. कधी कधी शाफ्टच्या पोकळीत वाळलेला इपॉक्सीचा खडा वाजतो आणि माणूस उगाच हेडला दोष देत बसतो. मी हेड कानाशी धरून हलवलं. आत वाटाण्याएवढं काहीतरी फिरत होतं.

तू लिहिलंस, ‘मामा, आवाज तेवढा बंद करून द्या.’ बाळा, तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय बंद करायचा नसतो. सिंगरेणीच्या खाणीत मी फिटर होतो, पण पाळीवर देखरेख करणारा सरदार छत कसं तपासतो ते रोज पाहत आलो. एका हाताने सब्बल छताला ठोकायची, दुसऱ्या हाताची बोटं शेजारी टेकवायची. खणखणीत वाजलं तर दगड घट्ट. बद्द वाजलं, बोटांना थरथर लागली, तर वरचा थर सुटलाय. मग तो पाडायचा नाहीतर त्याला टेकू द्यायचा, आणि तोवर खाली कुणी उभं राहायचं नाही. तुझं हेड मी तसंच नाण्याने ठोकून पाहिलं. आधी फेस, म्हणजे चेंडू लागतो ती बाजू, इंचाइंचाने, मग वरची टोपी, मग कडेचा जोड. कुठेही सूर बदलला नाही. फेसला तडा असता तर हेड तसंच परत पाठवलं असतं. तडा गोंदाने सांधला जात नाही.

हे हेड पोकळ टायटॅनियमचं, ४६० घन सेंटीमीटरचं. नियमात याहून मोठं चालत नाही. वजन जुळवायला आणि आवाज दाबायला कारखान्यात आत चिकट गोंद सोडतात, तो काही वर्षांनी सुटू शकतो. तळाचा वजनाचा स्क्रू काढला, पण ते भोक आत जात नव्हतं. शाफ्टच्या तोंडाशी मात्र बारीक वाट होती. उलटं धरून हलवलं तर मधाच्या रंगाचा एक कण पडला, वाळलेल्या गोंदाचा. मोठा तुकडा भोकाहून जाड, तो आतच राहिला.

मग उंदीर पकडायचा गोंद आणला. ट्यूब गरम पाण्यात ठेवून पातळ केला आणि बिनसुईच्या सिरिंजला बारीक नळी लावून आत सोडला. फक्त २ ग्रॅम, आणि तेही सोनाराच्या काट्यावर तोलून. हेडमध्ये २ ग्रॅम वाढले की काठी हातात साधारण एका स्विंगवेटने जड लागते, तेवढं तुला चालेल. गोंद मागच्या कोपऱ्यात साचेल असं हेड कलतं धरलं आणि तुकडा हळूहळू त्यात नेऊन बसवला. फेसकडे थेंबही जाऊ दिला नाही. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी हलवलं तेव्हा आवाज नव्हता. कुणी ज्योत लावून गोंद वितळव म्हणालं तर ऐकू नकोस. टोपी कार्बनची आहे, नुसती चिकटवलेली, ती उखडेल.

काम करताना एक गोष्ट सारखी मनात येत होती. टेलरमेड कंपनीने १९७९ मध्ये पोलादी हेड आणलं. तोवर चांगले ड्रायव्हर बहुतेक पर्सिमनच्या लाकडाचे असत. हा पर्सिमन आपल्या तेंदूच्याच कुळातला. तुझी आजी उन्हाळ्यात ज्याची पानं बिडीसाठी तोडायला जायची, त्या झाडाचा अमेरिकेतला भाऊ. भरीव लाकूड आतून खुळखुळत नाही. हेड पोकळ केलं तेव्हा चेंडू लांब जाऊ लागला, पण कान लावून ऐकायचं कामही वाढलं. मला हे काम आवडतं, म्हणून असलं काही आणखी असेल तर बिनदिक्कत पाठव.

शाफ्ट बसवताना स्क्रू टॉर्क रेंचने कट्‌ वाजेपर्यंतच आवळ. गोंद उन्हाने पुन्हा मऊ होतो, तेव्हा काठी मोटारीच्या डिकीत ठेवू नकोस, घरात ठेव. आणि परत आवाज आला तर खेळ तिथेच थांबव, आधी फेस ठोकून पाहा आणि मला फोन कर.

तुझा मामा