खापरपणजोबांचा माग

नागपूरच्या धंतोलीत आमच्या लहानपणी कुणाचं घर विचारलं की आधी त्या घराच्या पिढ्या ऐकाव्या लागत. ‘त्या वकिलांच्या नातवाकडे जायचं का? त्यांचे वडील मालगुजार. मूळचे उमरेडकडचे,’ एवढं झालं की मग सांगणारा फाटक दाखवी. आता त्याच रस्त्यावर पत्ता दवाखान्याच्या नावानं सांगतात. बंगले पडले, इस्पितळं आणि फ्लॅट उभे राहिले, गाड्या लावायच्या जागेचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचला. इस्पितळांबद्दल माझी तक्रार नाही, विदर्भभरातून आलेल्या रोग्यांना तिथे उपचार मिळतात. जीव तुटतो तो बंगले पडताना माळ्यावरच्या पेट्यांचं जे झालं त्यासाठी. त्या पेट्यांत मोडी लिपीतले कागद होते.

आमच्याही घरी तशी एक पेटी होती. ती उघडून बसलो की आजी विचारायची, ‘काय शोधून राहिला रे?’ आणि मग स्वतःच सांगू लागायची. माझे खापरपणजोबा नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरात कारकून होते. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारले, पोटी मुलगा नव्हता. पुढच्याच वर्षी डलहौसीनं दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात गेले. हे सगळं आजीनं तिच्या आजेसासूकडून, म्हणजे त्या कारकुनाच्या बायकोकडूनच ऐकलेलं. ‘हत्ती विकले अन् माणसं रिकामी झाली,’ हे आजीचं वाक्य मी विसरलेलो नाही. हत्तींचा लिलाव इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. दफ्तरातून रिकामे होऊन गावाकडे गेलेले कारकून मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या आठवणीत राहिले.

खापरपणजोबांचं नाव मला कळलं ते वडील श्राद्ध करीत तेव्हा. वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं गोत्रासह घेतली जात आणि वडिलांच्या तोंडी तिसरं नाव त्यांचं असे. वडील गेल्यावर श्राद्ध माझ्याकडे आलं. माझ्या तीन नावांत आता वडील आले आणि ते नाव गळलं. दर पिढीला असं एक नाव मागे पडतं. एरवी ते सापडायचं नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला, तीर्थोपाध्यायांच्या वहीत. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढत आणि येऊन गेलेल्या पूर्वजांची सही समोर ठेवत. मोडी वाचणारी माणसं तेव्हा घरोघर होती. आजोबा तर हिशेबही मोडीतच लिहीत.

आता शोधाची साधनं कितीतरी वाढली आहेत. जात पडताळणीमुळे विदर्भातल्या सर्वसामान्य कुटुंबालाही कोतवाल पंजी, मिसल बंदोबस्त, शाळेचा दाखल-खारीज हे शब्द पाठ झाले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर मोडी वाचणाऱ्यांना राज्यभर मागणी आली. या जुन्या सरकारी नोंदींची एक थोरवी मला मनापासून मान्य आहे. वतनदारांची वंशावळ वाड्यात जपली जायची. कोष्टी, शेतमजूर, गावकुसाबाहेरचा माणूस यांची वंशावळ कोण लिहिणार? कोतवालाच्या पंजीत मात्र त्यांच्याही घरचा जन्म आणि मृत्यू चढला. आज त्यांचे पणतू त्याच ओळीवर बोट ठेवून आपला हक्क मागतात.

पण त्या ओळीला मर्यादा आहे, आणि ती मला आमच्याच घराण्याचा शोध घेताना समजली. पंजीच्या उताऱ्यात पणजोबांच्या नावे दोन नोंदी निघाल्या, काही वर्षांच्या अंतरानं. दोन्हीकडे नुसतं ‘मुलगा’. जन्म नोंदवताना बारसं झालेलं नसायचं, त्यामुळे बाळाला नाव नाही. यातले माझे आजोबा कोणते? कागद काही सांगेना. सांगितलं ते ऐंशी ओलांडलेल्या आत्यानं, एका दमात: ‘थोरला छपन्नच्या दुष्काळात गेला. दादा त्याच्या पाठचे.’ संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा तो दुष्काळ. आत्या गेली असती तर त्या दोन ओळी आम्हाला कायमच्या मुक्या राहिल्या असत्या.

आणि बायकांचं काय? श्राद्धात आई, आजी, पणजीचीही नावं घेतात, पण ती सासरची. भिंतीवर टांगलेल्या वंशवृक्षाला तर मुलींच्या फांद्याच नसत. हत्तींच्या लिलावाची हकीकत ज्यांच्यामुळे आमच्यापर्यंत आली त्या खापरपणजीचं माहेर कोणतं, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. आम्ही कुणी लिहून घेतलं नाही. पूर्वी सांगणारी माणसं होती, तेव्हा लिहायची गरज वाटली नाही. आता उतारे मोबाइलवर येतात आणि ते कुणाचे हे सांगणारे उरले नाहीत. दोन्हींत मला निवड करायला सांगितली तर मी आजीलाच निवडीन.

म्हणून माझ्या वाचकांना कळकळीनं विनवतो. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर येत्या पितृपक्षाची वाट न पाहता वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. नावं विचारा, गावं विचारा, कोण कुठल्या साथीत वा दुष्काळात गेलं ते विचारा. प्रत्येक आजी-पणजीचं माहेर आणि माहेरचं नाव आवर्जून लिहा. शके दिसलं तर ७८ मिळवा, इसवी सन मिळेल. घर पाडायला देण्याआधी माळा स्वतः तपासा. मोडीचा एकही कागद रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल तर राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो, तिथे घरातल्या एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला पाठवा.